चोरून घातलेलं तूप आणि मामाचा गोठा

या वेळचं पत्र एका आईचं आहे, कोथरूडहून. लांब होतं, थोडं आवरून देतेय.

"ताई, माझी मुलगी २५ वर्षांची, हिंजवडीला आयटीत आहे. मागच्या पावसाळ्यात ती व्हीगन झाली. मला वाटलं चार दिवसांचं खूळ असेल, पण दूध, दही, तूप, ताक, पनीर, मध, सगळं बंद म्हणजे बंद. आम्ही शाकाहारीच, मग आता हिला वाढायचं तरी काय? स्वतःसाठी बदामाचं दूध आणते, लिटरला तीनशेच्या वर पैसे. केस गळतायत, संध्याकाळी घरी येते तेव्हा मलूल झालेली असते. खरं सांगते, मी तिच्या वरणाला तुपाची फोडणी देते आणि तेलाची म्हणून सांगते, बघवत नाही हो आईला. त्यात भाऊबीजेला दौंडला माझ्या भावाकडे गेलो. त्याचा आठ गायींचा गोठा आहे. वहिनीने हिच्यासाठी मुद्दाम खरवस ठेवलेला, लहानपणी जीव की प्राण होता तिचा. तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, हे वासराचं चोरलेलं दूध आहे, मी नाही खाणार. भाऊ एक शब्द बोलला नाही, उठून गोठ्यात निघून गेला. त्याच गोठ्याच्या पैशातून त्याने हिच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी भरलीय. आता फेब्रुवारीत भाच्याचं लग्न आहे. ही म्हणते येईन, पण पैठणी नेसणार नाही आणि माझ्या जेवणाचं माझं मी बघेन. मी कोणाची बाजू घेऊ? आणि हिच्या तब्येतीला धोका आहे का?"

ताई, बाकी सगळं नंतर. आधी ते तूप बंद करा, आज रात्रीच्या वरणापासून.

तुम्ही ते मायेने करताय यात मला काडीची शंका नाही, पोरगी वाळतेय आणि आपल्या हातात एवढंच आहे असं वाटतं, मग हात आपोआप तुपाच्या भांड्याकडे जातो. पण तुम्ही शाकाहारी आहात ना, समजा उद्या कोणी तुम्हाला अशक्तपणा आलाय म्हणून आमटीत मटणाचा रस्सा मिसळून वाढला आणि वर म्हणालं अहो ताकद येते, कळलं तरी का तुम्हाला, तर तुम्ही त्या घरात परत पाणी तरी प्याल का? तिच्यासाठी तूप आता तसंच आहे. तुम्हाला पटो न पटो, तिच्यासाठी तसं आहे. आणि हे लपत नाही हो, रात्रीचं वरण फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी वर तुपाचा पांढरा थर धरतो, एक दिवस ती डबा उघडेल आणि बघेल. त्या दिवसापासून ती तुमच्या हातचं खायचं सोडेल, रोज ऑफिसात काहीतरी मागवून खाईल, मग तब्येतीचं जे भ्या तुम्हाला आज वाटतंय ते खरंच होऊन बसेल. आज ती तुमच्या हातचं डोळे झाकून खातेय, हीच तुमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, ती घालवू नका.

आणि नुसतं बंद करून भागणार नाही, तिला सांगावं लागेल. मला माहितीय हे जड आहे. रविवारी सकाळी दोघीच असताना सांगा, की मी इतके दिवस तुझ्या फोडणीत तूप घालत होते, मला तुझ्या तब्येतीची काळजी वाटत होती, चुकलं माझं, यापुढे तुझ्या ताटात तुला न सांगता काही येणार नाही. ती चिडेल, कदाचित रडेल, दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे. तो तिचा हक्क आहे.

आता खूळ म्हणालात त्याबद्दल. हा शब्द १९४४ सालचा आहे, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाचे गृहस्थ आणि त्यांच्यासारखे काही शाकाहारी लोक होते, त्यांचं म्हणणं असं की मांस सोडलं पण दूध-अंडी चालूच ठेवली तर जनावराचे हाल थांबतात कुठे, म्हणून त्यांनी वेगळी संस्था काढली आणि व्हीगन हा शब्द तयार केला. म्हणजे ऐंशी वर्षं झाली. आपल्याकडेही २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्याच्या पदार्थांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणले, पाकिटावर हिरवं व्ही आणि त्यावर छोटं पान असं चिन्ह दिसतं, शाकाहारीचा हिरवा ठिपका वेगळा आणि हे वेगळं. पुण्यात तर आता कॅफेत कॉफी मागवली की ओटचं घालू का बदामाचं असं विचारतात, त्यातले काही जण फॅशन म्हणून घेत असतील, काहींना दूध पचत नसेल, पण तुमच्या मुलीने आवडीचा खरवस समोर आलेला असताना नाही म्हटलंय, फॅशनसाठी कोणी एवढं करत नाही.

पण ते बदामाचं दूध! ताई, त्या पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर एकदा दोघींनी मिळून वाचा. बहुतेकांत बदाम शेकड्याला दोन-चार भाग असतो, बाकी पाणी आणि ते एकजीव राहावं म्हणून घातलेलं काहीबाही. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात तीन ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, बदामाच्या पेयात बहुतेकदा एक ग्रॅमसुद्धा नसतं. (पेय म्हणतेय कारण कायद्याने त्या पाकिटावर दूध लिहिता येत नाही.) तिला दुधाच्या जागी काही हवंच असेल तर साधं, साखर न घातलेलं सोयाचं घ्यावं, त्यात प्रोटीन जवळजवळ गायीच्या दुधाइतकं असतं, आणि कॅल्शियम घातलेलं आहे का ते बघावं. चहात घातलं की कधीकधी फाटतं, तेव्हा चहा खाली उतरवून, सोयाचं कोमट करून मग ओतायचं. सोयाबीन आपल्याला काही परकं नाही, लातूरकडे शेतंच्या शेतं सोयाबीनची आहेत आणि आपल्या आगरकर रोडवरच्या आघारकर संशोधन संस्थेने तर सोयाबीनचे कितीतरी वाण काढलेत. त्या तीनशे रुपयांचे मंडईतून सरळ बदाम आणा आणि खा, पोटात जास्त जाईल.

हिला वाढायचं काय, हे तुम्ही विचारलंत तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण तुमच्या पत्रात तुम्ही जे सगळं बंद झालं म्हणून लिहिलंय ते आपल्या ताटात बहुतेक वेळा वरून पडतं. खाली काय असतं? भाकरी, पिठलं, ठेचा. मटकीची उसळ, वालाचं बिरडं, चिंच-गूळ घातलेली आमटी, अळूचं फदफदं त्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे. भरली वांगी, त्यात तीळ-खोबरं-दाण्याचं कूट. थालीपीठ, कांदेपोहे, खमंग काकडी. मिसळ तर आख्खी तिची आहे, फक्त दह्याची वाटी बाजूला सारायची. लग्नाच्या पंगतीत डाव्या बाजूला वाढतात ते मिरच्यांचं पंचामृत, नावाने फसू नका, तीळ, दाणे, खोबरं, चिंच, गूळ, त्यात दुधाचा थेंब नसतो. कोकणात पुरणपोळी नारळाच्या रसाशी खातात, शिरवाळे नारळाच्या रसाशी, सोलकढी नारळाच्या दुधाची. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी दूध-तूप रोज मुबलक होतंच कुणाकडे, बऱ्याच घरांत तूप म्हणजे भाताच्या मुदीवर एक थेंब आणि तोही सणाला, मग चव कुठून आणायची तर दाणे, तीळ, खोबरं, कारळं, जवस यातून. ते सगळं तुम्हाला येतंय. तुम्ही तीस वर्षं तेच करत आलाय, फक्त शेवटचा तुपाचा चमचा तिच्या ताटात नको, एवढाच फरक.

संक्रांत येतेय, भोगीपासून सुरुवात करा बघू. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, त्यात हरभऱ्याचे सोले, वालपापडी, गाजर, वांगं, बोरं, तिळाचं कूट. मुगाच्या डाळीच्या खिचडीवर तिच्यापुरतं कच्चं तिळाचं तेल. लोण्याचा गोळा तुमच्या भाकरीवर ठेवा, तिच्या नाही. गूळपोळी भाजताना तिची तेलावर भाजा. एका स्वयंपाकात दोघींचं होतं, वेगळा स्वयंपाक कशाला.

अडतं ते दही-ताकाशी, हे मान्य. मी हे घरी करून बघितलंय म्हणून सांगते, शेंगदाण्याचं दही लागतं. वाटीभर कच्चे दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी सालं काढून तीन वाट्या पाण्यात मिक्सरला एकदम बारीक फिरवायचे, फडक्यातून गाळायचं, मग मंद गॅसवर ढवळत पाच-दहा मिनिटं उकळायचं, नाहीतर खाली लागतं. कोमट झालं की विरजण म्हणून पाच-सहा हिरव्या मिरच्या देठासकट त्यात बुडवून उबेला ठेवून द्यायच्या, देठाला जे जंतू असतात ते विरजणाचं काम करतात. आठ-दहा तासांत लागतं, थंडीत जास्त वेळ घेतं. पहिलं दही जरा पातळ आणि दाण्याच्या वासाचं होतं, ते खायला न घेता विरजण म्हणून वापरा, दुसऱ्या वेळचं छान होतं. नुसतं खायला मला फारसं नाही आवडलं, पण कढी मात्र अशी होते की माझ्या घरी सांगितल्याशिवाय कळलं नसतं, आणि हो, मी आधी सांगूनच वाढली होती, एका जणाचा विश्वास बसेना एवढंच. काकडीच्या कोशिंबिरीलाही चालतं. दाण्याची ॲलर्जी घरात कुणाला नाही ना, तेवढं बघा.

आता तब्येत. इथे मी तुमच्या बाजूने आहे आणि तिने हे वाचलं तर तिलाही असंच सांगेन.

दूध सोडल्याने धोका आहे का, तर नीट केलं नाही तर आहे, आणि तो धोका प्रोटीनचा कमी आणि बी१२ या जीवनसत्त्वाचा जास्त आहे. बी१२ हे जंतू तयार करतात, ते आपल्याला जनावरांकडून आलेल्या अन्नातून मिळतं, झाडपाल्यात भरवशाचं मिळत नाही. आंबवलेल्या इडलीत मिळतं, स्पिरुलिनात (ती शेवाळासारखी हिरवी पावडर) मिळतं, असं लोक छातीठोकपणे सांगतात, त्यावर विसंबू नका, स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश आपल्या शरीराला उपयोगाचंच नसतं. लागतं किती, तर दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण तेवढं नाही मिळालं तर दोन-तीन वर्षांनी, लिव्हरमधला साठा संपत आला की, रक्तावर आणि नसांवर येतं. आणि शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो, म्हणजे तुमच्या मुलीकडे कदाचित तेवढाही वेळ नाही.

माझं सांगते. मी व्हीगन नव्हते, नाही. साधी शाकाहारी बाई, दूध चहापुरतं, दही कधीमधी. सात-आठ वर्षांपूर्वी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, मला वाटलं उभं राहून होत असेल, वय झालं. मग चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, शेजारणीचं नाव ओठावर येईना. वर्ष काढलं असंच. शेवटी टेस्ट केली तर बी१२ चा आकडा १३० आला, साधारण २०० च्या खाली गेलं की कमी धरतात. इंजेक्शनं घ्यावी लागली, मुंग्या जायला कितीतरी महिने लागले. तेव्हा मला इतका राग आला होता की एवढी साधी, स्वस्त गोष्ट मला कोणी आधी का सांगितली नाही, म्हणून मी आता भेटेल त्याला सांगत असते.

आणि हे आपल्या पुण्यात माहिती नव्हतं असं नाही. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, मुलं मोठी होईपर्यंत. त्यातल्या निम्म्याहून जास्त आयांचं बी१२ कमी निघालं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की आईचं बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड त्याचाच प्रकार) मात्र जास्त, अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही याचं प्रमाण जास्त होतं. त्या बायका काही व्हीगन नव्हत्या ताई, तुमच्या-माझ्यासारख्या भाकरी-भाजी खाणाऱ्या, वाट्याला दूध कमी येणाऱ्या घरच्या बायका होत्या. तुमची मुलगी २५ ची आहे, पुढे कधी तिला मूल हवं असेल तर हे फक्त तिच्यापुरतं राहत नाही.

म्हणून असं करा. तिला एकटीला टेस्टला पाठवू नका, तिला ते म्हणजे बघ मी म्हटलं नव्हतं का असं वाटेल. तुम्ही, ती आणि तिचे बाबा, तिघांनी एकाच दिवशी करा. बाबांना डायबेटिस असून मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यांना तर हवीच, त्या गोळीने बी१२ कमी होऊ शकतं. तिचं सीबीसी (रक्ताची साधी तपासणी), बी१२, व्हिटॅमिन डी, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड. केस गळणं आणि मलूलपणा हा दुधामुळेच आहे असं धरून बसू नका, पाळी चालू असलेल्या मुलींमध्ये लोह आणि थायरॉइड ही दोन कारणं फार वेळा निघतात, आणि हिंजवडीचं रोजचं जाणं-येणं हेही माणसाला पिळून काढतं. टेस्ट आधी, गोळी नंतर, कारण गोळ्या सुरू करून मग टेस्ट केली की आकडा चांगला दिसतो आणि खरं काय ते कळत नाही. आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या परस्पर घेऊ नका, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत बी१२ ची कमतरता नसांना त्रास देत राहते. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून किती डोस आणि किती दिवस ते ठरवा. बी१२ ची गोळी जंतूंपासूनच बनवतात, त्यामुळे तिला चालेल, फक्त कॅप्सूल असेल तर वरचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी मागा. डी३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात, ते नको असेल तर व्हीगन डी३ वेगळं मिळतं, केमिस्टला मागवायला सांगावं लागतं.

तिला ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल, हे तिने मान्य करायला हवं. नैसर्गिक मिळतं तेच खाणार, गोळ्या नाही घेणार, असं म्हणाली तर तिथे तुम्ही ठाम राहा. व्हीगन राहा पण बी१२ घे, हे बोलायचा आईला पूर्ण अधिकार आहे.

बाकीचं अन्नातून जमतं. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, गायीच्या तेवढ्याच दुधात १२०. तिळात तर हजाराच्या वर, पण तीळ आपण चमच्याने खातो, आणि तिळातलं, पालेभाजीतलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी आणि टोफू (सोयाचं पनीर) किंवा कॅल्शियमवालं सोयाचं पेय असं तिन्हीकडून येऊ दे. प्रोटीन तिच्या वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या जरा आत पुरतं, दोन्ही वेळा डाळ-उसळ वाटीभर (चमचाभर नाही!) आणि मधे दाणे-फुटाणे घेतले की तिथे पोचते. जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा नको, लोह अंगी लागायला. जवसाची चटणी ठेवा घरात. मीठ आयोडीनचंच, ते गुलाबी सैंधव नको, दूध सुटलं की आयोडीनही कमी होतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तुमचा भाऊ. मी हे पत्र वाचताना इथेच अडकून बसले होते, उठून गोठ्यात गेला, या वाक्यापाशी.

तुम्ही विचारलंत कोणाची बाजू घेऊ. ती जे म्हणाली त्यात तथ्य आहे हे आधी मान्य करू. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, म्हणजे दुधासाठी तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं, कालवड झाली तर ठीक, पण होल्स्टिन या परदेशी जातीच्या संकराचा गोऱ्हा झाला तर त्याचं करायचं काय? त्याला वशिंड नीट नसतं, औताला चालत नाही, आणि आता शेतात ट्रॅक्टर आहे. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल-गोऱ्हे कापायलाही बंदी आहे, त्यामुळे शेतकऱ्याने त्याला पोसायचं कुठून आणि सोडायचं कुठे, याचं उत्तर कोणीच देत नाही. अनेक गोऱ्ह्यांचे हाल होतात, हे खरं आहे. तुमच्या मुलीला हे बघून रात्री झोप लागत नसेल तर ते तिचं चांगुलपणच आहे, मला अशी मुलं आवडतात.

पण चोरलेलं हा शब्द तिने ज्या माणसाला वापरला तो वर्षाचे ३६५ दिवस पहाटे चारला उठतो. गाय आजारी पडली की रात्रभर गोठ्यात बसतो. दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ लागला तर पूर्ण भाव, नाहीतर कापून, आणि तो भावसुद्धा त्याच्या हातात नाही, २०२४ मध्ये तर गायीच्या दुधाचे दर इतके पडले होते की सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. पेंड महाग, चारा महाग. हा माणूस चोर असेल तर चोरीचा माल गेला कुठे? तो तुमच्या मुलीच्या फीमध्ये गेला. आणि हे तिला माहितीय ताई. मला तर वाटतं की माहितीय म्हणूनच ती इतकं जोरात बोलली, ज्या खरवसावर जीव होता, ज्या माणसाने शिकवलं, त्याच्याबद्दलच हे सगळं आहे हे पचवणं तिला जड जात असणार.

म्हणून फीचा विषय काढू नका, कधीच. त्याने तुला शिकवलं म्हणून तू खरवस खा, हे म्हणजे मदतीचं व्याज वसूल करणं झालं आणि तुमच्या भावाला स्वतःलाही ते आवडणार नाही. तिच्या वतीने माफीही तुम्ही मागू नका, ती मोठी आहे, मामा तिचा आहे, जे मोडलंय ते तिने नीट करावं. तुम्ही भावाला एवढाच फोन करा, की त्या दिवशी तू उठून गेलास ते मी बघितलं, मला फार वाईट वाटलं. बस. त्याला आत्तापर्यंत हे कोणी म्हटलं नसेल.

आणि तिला सांगा की मामाकडे लग्नाच्या आधी एक दिवस एकटी जाऊन ये. खाण्याबद्दल माफी मागायची गरज नाही, तिने नाही खाल्लं यात गुन्हा नाही. सगळ्यांसमोर चोर म्हटल्याबद्दल मागायची, सरळ शब्दांत. आणि मग मामाला विचारायचं की गोऱ्हे झाले की तुम्ही काय करता. ऐकायला विचारायचं, वाद घालायला नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओत कुठल्यातरी देशातला हजारो गायींचा कारखाना असतो, मामाच्या आठ गायी वेगळ्या आणि त्याची अडचणही वेगळी. आता कालवडच होईल अशा वीर्यमात्रा मिळतात, दहातल्या नऊ वेळा कालवड होते, तो त्या वापरतो का, परवडतात का, हे तोच सांगेल. गोऱ्ह्याचं दुःख त्यालाही असेल, त्याने ते कधी कोणाला बोलून दाखवलं नसेल इतकंच. यातून तिचं मत बदलेल असं मी म्हणत नाही, बदलावं असंही म्हणत नाही.

पैठणीचं फार ताणू नका. रेशीम काढायला कोश आतल्या किड्यासकट उकळतात, ती तिच्या हिशोबाने बरोबरच बोलतेय. छानशी सुती खणाची साडी घ्या, मोठ्या काठाची, लग्नात उठून दिसेल. तुमची जुनी पैठणी आहे ती चालेल का एकदा विचारा, आधीच घेतलेली नेसायला काही जणींना चालतं, काहींना नाही. नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नका.

लग्नातलं जेवण मात्र माझं मी बघेन असं होऊ देऊ नका, सगळे पंगतीला बसलेत आणि पोरगी कोपऱ्यात डबा उघडून खातेय, हे वहिनीला फार लागेल. वहिनीकडून आचाऱ्याचा नंबर घ्या आणि आठ दिवस आधी तीन गोष्टी बोला. मसालेभाताची फोडणी तेलाची, तूप वरून वेगळं वाढायचं. मटकीची उसळ आणि बटाट्याची भाजी तेलातलीच असते, तरी विचारून घ्या. पुऱ्या कशात तळणार ते विचारा. मठ्ठा आणि जिलबी सुटली, जिलबीच्या पिठात बऱ्याचदा दही असतं. बाकी आख्खं ताट तिचं आहे, कोणाला वेगळं काही करावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असेल तर पंचामृताचं तीर्थ आणि तुपातला शिरा येईल, तिने हात जोडावेत, केळं घ्यावं, कोणाला भाषण देऊ नये. आणि तुम्ही शेजारच्या काकूंना तिच्या वतीने डाएट चालू आहे वगैरे सांगू नका. ती व्हीगन आहे, दूध-तूप खात नाही, एवढंच म्हणा. आईने हे मोकळेपणाने म्हटलेलं तिने एकदा ऐकलं ना, की घरात निम्मं भांडण संपेल.

शेवटी तो खरवस. अर्धा लिटर नारळाचं दूध घ्या, दाट. पाच ग्रॅम चायना ग्रास पाण्यात भिजवून कपभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, ते समुद्रातल्या शेवाळाचं असतं, तिला चालतं. गॅस बंद करून त्यात नारळाचं दूध कोमट करून घाला, मग बारीक किसलेला गूळ, आधी घालून उकळलंत तर फाटेल, वेलदोडा आणि जायफळ. थाळीत ओतून गार करून वड्या पाडा. चिकाच्या खरवसाची चव येणार नाही, ती कशालाच येत नाही. पण दौंडला जाताना हा डबा तिनेच करून न्यावा, आणि वहिनीच्या हातात तिनेच द्यावा.